गॉल्गी की गॉल्जी, आणि 'गॉल्जी प्रथिने' कोणती?

एका वाचकाचे दोन प्रश्न आहेत. 'गॉल्गी' बरोबर की 'गॉल्जी'? आणि 'गॉल्गी प्रथिने' म्हणजे गॉल्गी संकुलात (पेशीतला प्रथिनांवर प्रक्रिया करून त्यांची रवानगी करणारा भाग) तयार होणारी प्रथिने का?

पहिले चटकन सांगतो. कामिल्लो गॉल्जी इटालियन. घुबडाच्या मेंदूतल्या पेशींत त्यांनी १८९८ मध्ये ही जाळीदार रचना पाहिली. इटालियनमध्ये 'इ' आणि 'ए'च्या आधी 'जी' हे अक्षर आले की उच्चार 'ज' (जहाजातला नव्हे, जिलेबीतला). 'ग' हवा असेल तर मध्ये 'एच' घालावा लागतो, स्पगेटीत घालतात तसा. तेव्हा गॉल्जी. परीक्षेत मात्र पुस्तकात असेल तेच लिहा.

दुसरा प्रश्न समासाचा आहे. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. मधले पद लोपलेले. इथेही पद लोपले आहे, पण ते 'बनणारी' नव्हे. प्रथिने बनतात रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिने जुळवणाऱ्या सूक्ष्म कणांवर. त्यांतली बरीच आंतर्द्रव्यजालिकेतून (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यातून) पीटिकांत, म्हणजे चिमुकल्या पिशव्यांत, बसून गॉल्जीत येतात. तिथल्या चपट्या कुंडांतून जाताना अनेकांवरच्या शर्करेच्या साखळ्या छाटल्या-जोडल्या जातात, आणि मग ज्याची त्याची रवानगी होते. इन्सुलिन याच वाटेने जाते, तरी त्याला कोणी गॉल्जी प्रथिन म्हणत नाही. ते वाटसरू.

गॉल्जी प्रथिने म्हणजे तिथे मुक्कामाला असलेली. शर्करा जोडणारी विकरे त्यांत येतात, आणि 'गॉल्जिन' कुळातली लांबट प्रथिनेही. जीएम१३० हे त्यांपैकीच एक. नावातला आकडा त्याच्या वस्तुमानाचा, सुमारे १३० किलोडाल्टन. येणाऱ्या पीटिकांना पकडून ठेवायला ते मदत करते. पेशी विभाजनाला लागली की त्यावर फॉस्फेट चढतो, पकड सुटते, आणि गॉल्जी विस्कटायला त्याचाही हातभार लागतो. पुढे दोन्ही नव्या पेशींत गॉल्जी पुन्हा जुळतो.

असा एखादा मुक्कामीच नसेल तर? आय-सेल या जनुकीय आजारात तेच होते. लयकारिकांकडे (पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांकडे) धाडायच्या विकरांवर मॅनोज-६-फॉस्फेटची खूण तयार करण्यासाठी लागणारे गॉल्जीतले एक विकर निकामी असते. खूण नाही म्हणून ती विकरे पेशीबाहेर जातात आणि लयकारिकांत न पचलेला माल साचत राहतो.

काही जण 'गॉल्जीनिवासी' सुचवतात. मला तो फार कडक वाटतो, कारण यांतली काही प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेपर्यंत फेऱ्या मारतात. 'गॉल्जीतली' म्हटले तर वाटसरूही आत शिरतात. साधे 'गॉल्जीची प्रथिने' पुरे.