लग्नाला ३ वर्षं झाली, मूल नाही, पीसीओएस (हार्मोन बिघडून अंडं वेळेवर न सुटण्याचा त्रास) निघालं, आता डायरेक्ट आयव्हीएफच (टेस्ट ट्यूब बेबी) करावं लागेल का? (अमळनेर)

नाही ताई, नुसत्या पीसीओएसला कोणी लगेच आयव्हीएफ सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पहिले मिस्टरांची वीर्य तपासणी करा, स्वस्त आहे, पण आपल्याकडे सुनेलाच एकटीला जळगाव-धुळे फिरवतात. मग तुमचं थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) आणि गर्भाशयाच्या नळ्या मोकळ्या आहेत का बघायला एचएसजी (नळ्यांचा एक्स-रे), जुन्या टीबीनेही नळ्या बंद होतात बरं का. हे सगळं ठीक असलं तर पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ५ दिवस लेट्रोझोल (अंडं वाढवायची गोळी) देतात आणि सोनोग्राफीवर अंडं वाढतंय का बघत राहतात, वजन जास्त असेल तर ५-१० टक्के उतरलं तरी पाळी सुधरते. तरी दिवस राहिले नाहीत तर मग आययूआय, म्हणजे मिस्टरांचं वीर्य तयार करून बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. दोन्ही नळ्या बंद किंवा शुक्राणू फारच कमी असले तर आयव्हीएफ. वय ३५ च्या पुढं असेल तर मात्र थांबू नका, लवकर दाखवा.