कृषी सल्ला: सेंद्रिय पालक, बीटी वांगं आणि पानावरचे जंतू

प्रश्न (गोराई): आम्ही पालक आणि लाल माठ सेंद्रिय म्हणून बोरिवलीच्या सोसायट्यांत थेट पोचवतो. एक ताई म्हणाल्या, शेणखतावरच्या भाजीवर जंतू फार, त्यापेक्षा जनुक बदललेली भाजी स्वच्छ. खरं का? दुकानदार सांगतो, दर चार दिवसांनी जीवामृत पानांवर मारा, चांगले जंतू वाईट जंतूंना संपवतात.

उत्तर: त्या ताईंना आधी हे सांगा, की जनुक बदललेली भाजी पिकवायला आपल्याकडे परवानगीच नाही. देशात शेतकऱ्याला लावायला मोकळीक आहे ती एकट्या बीटी कापसाची, २००२ पासून. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचं अळी मारणारं जनुक पिकात घातलेलं. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली, ती उठलेली नाही. तेव्हा तुलना करायची तर बाहेरच्या देशांतल्या पिकांची. तिथे बीटी आणि साध्या झाडांवरचे सूक्ष्मजीव तपासले, तेव्हा बहुतेक वेळा वाण, माती, हंगाम आणि पानाचं वय यांनीच जास्त फरक पडलेला दिसला. त्या एका जनुकाने तेवढा पडला नाही. मक्यात मात्र बीटीचा फायदा खरा आहे. अळीने कणीस पोखरलं नाही की भोकातून शिरणारी फ्युजेरियम बुरशी कमी होते आणि तिचं विषही दाण्यात कमी उतरतं.

सेंद्रिय मालाचंही तसंच. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये सफरचंदं तपासली. एका फळात साधारण १० कोटी जिवाणू, मग फळ सेंद्रिय असो की साधं. सेंद्रिय फळात प्रकार तेवढे जास्त होते. जंतू असणं हा भाजीचा दोष नाही. माणसाला आजारी पाडणारा जंतू कुठून आला, ते बघायचं. ई. कोलाय आणि साल्मोनेला पानावर येतात ते कच्च्या शेणातून, कोंबडीखतातून, नाल्याच्या पाण्यातून आणि न धुतलेल्या हातांतून. पिकाचं जनुक बदललंय की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

आता जीवामृत. पालेभाजीच्या पानावर मारू नका. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. हे मिश्रण तापत नाही, त्यामुळे शेणातला रोगजंतू मरेल याची खात्री नाही. गूळ आणि बेसन चांगल्या जंतूंना पोसतात तसे वाईटांनाही पोसतात. जीवामृत मातीत द्या, पाटाच्या पाण्याबरोबर, पीक लहान असताना, आणि तेही पालेभाजी सोडून इतर पिकांना. काढणीच्या तोंडावर मातीतही नको. दुकानदार दर चार दिवसांनी मारा म्हणतो, कारण त्याला तयार कॅन खपवायचा आहे. दर चार दिवसांनी शेणपाणी मारलेली पालक तुम्ही सोसायटीत देणार आणि तिथे कुणीतरी ती कच्ची सॅलडमध्ये कापणार. पानावर मारू नका.

कच्च्या शेणाचंही वेळेचं गणित आहे. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत, मातीला टेकणारं पीक असेल तर कच्चं शेण काढणीच्या १२० दिवस आधी मातीत गेलेलं लागतं. आपली पालक महिन्या-सव्वामहिन्यात कापणीला येते. दिवाळीत पेरलेल्या पालकासाठी शेण श्रावणातच मातीत घालावं लागेल, आणि तेव्हा गोराईच्या वाफ्यात गुडघाभर पाणी असतं. म्हणून पालेभाजीवाल्याने कच्च्या शेणाचा विचारच सोडावा. तापवून कुजवलेलं कंपोस्टच वापरा. मी हे प्रत्येक बैठकीत सांगतो आणि सांगत राहणार.

ढीग छातीएवढा उंच रचा. शेण, पालापाचोळा, भाताचा पेंढा, आणि मुठीत दाबल्यावर एखादा थेंब येईल इतकी ओल. तीन-चार दिवसांनी लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसा आणि दहा मिनिटांनी ओढा. टोक हातात धरवत नसेल तर ढीग चांगला तापलाय. कोमट लागली तर अजून तापलेला नाही. ओल बघा, हिरवा पाला आणि शेण वाढवा, पुन्हा रचा. ५५ अंशांच्या वर किमान १५ दिवस आणि त्या काळात पाच वेळा पालटणी, बाहेरचं आत, आतलं बाहेर. ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे त्यांनी तो लावावा. पालटणीचा कंटाळा केलात तर ढिगाची साल कच्चीच राहते, आणि घाईत वाफ्यात तीच आधी पडते.

धुण्याचं पाहू. गेल्या हंगामात एका शेतावर मी पहाटे उभा होतो. एका टबात जुड्या बुडवत होते. पहिली पाटी धुतली तेव्हा टबाचा तळ दिसत होता, पाचव्या पाटीला पाणी चहासारखं झालं होतं. वर झाकायला ओलं गोणपाट, तेही कोंबडीखताचं. पहिल्या जुडीवरची घाण शेवटच्या जुडीपर्यंत पोचवायची हीच रीत आहे. पाणी पिण्यायोग्य घ्या आणि गढूळ दिसायला लागलं की फेका. क्लोरीन वापरायचं तर ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लिटरला १ मिली, त्याने ५० पीपीएम होतं, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात ५० भाग क्लोरीन. नंतर साध्या पाण्यातून काढा. दुकानदार ‘जरा सढळ हाताने घाला’ म्हणेल. घालू नका. पान करपतं, वास राहतो, आणि गढूळ पाण्यात कितीही ओतलं तरी क्लोरीन मातीशीच भिडून संपतं.

प्रश्न (आरे): वांग्याची झाडं हिरवी असतानाच अचानक मान टाकतात. दुकानातून अँटिबायोटिकची पुडी आणली. पुढच्या वर्षासाठी तो ‘बीटी वांग्याचं’ बी देतोय, मर येणार नाही म्हणतो.

उत्तर: पुडी वापरू नका. स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनचा शेतीतला वापर १ जानेवारी २०२४ पासून पूर्ण बंद आहे. अँटिबायोटिक रानात ओतलं की मरतात ते दुबळे जंतू, आणि जे तगतात त्यांच्यावर उद्या दवाखान्यातलं औषध चालेनासं होतं. हातातलं औषध निकामी होताना बघवत नाही, म्हणून कडक बोलतोय.

खोड कापून ग्लासभर स्वच्छ पाण्यात धरा. दुधासारखी तार सुटली तर जिवाणूजन्य मर आहे. झाड मातीसकट उपटून बाहेर न्या, त्या वाफ्याचं पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नका, आणि तिथे पुढे टोमॅटो, मिरची, वांगं काही लावू नका. बीटी जनुक अळीसाठी असतं, मरीशी त्याचा संबंध नाही. ते बी खरं असेल तर बेकायदा आहे, खोटं असेल तर तुमची फसवणूक. २०१९ मध्ये हरियाणात फतेहाबादला असं बीटी वांगं शेतात सापडलं होतं. बी घेऊ नका, बिल मागा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात कळवा.

शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी बीटी पावडर सेंद्रियमध्ये चालते. तो मातीतलाच जिवाणू आहे. संध्याकाळी मारा, उन्हात तो मरतो. अळी फळात शिरायच्या आधी मारा. मात्रा पाकिटावरची, दुप्पट नाही. त्याच पंपात कॉपर, म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक, घालायला सांगतील, घालू नका.

प्रश्न (मढ): वाळूतली मेथी सेंद्रिय प्रमाणपत्रावर सुरक्षित समजावी का?

उत्तर: प्रमाणपत्र पद्धतीचं असतं, जंतूंचं नसतं. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय पसरला. सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक गेले. मोड काढणारं शेत सेंद्रिय होतं, संशय इजिप्तहून आलेल्या बियाण्यावर गेला. तुमची मेथी मुळासकट विकली जाते, म्हणून बी ओळखीचं आणि पाणी गोडं, स्वच्छ हवं. गटाने प्रमाणपत्र घ्यायचं तर पीजीएस आहे, म्हणजे गटातल्या शेतकऱ्यांनी एकमेकांची शेतं तपासून द्यायचं प्रमाणपत्र; परंपरागत कृषी विकास योजनेत हेक्टरी ३१,५०० रुपये तीन वर्षांत मिळतात, अर्ज गटाचाच लागतो.