पासपोर्ट आहे, तरी वॉचमनचं खातं का अडतं?

विलेपार्ल्याच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी ताईंचा प्रश्न: आमचा वॉचमन नेपाळचा, नऊ वर्षं इथेच आहे. बँकेने नागरिकतेचा दाखला घेतला नाही, म्हणून दसऱ्याला गावी जाऊन त्याने पासपोर्ट काढून आणला. आता बँक म्हणते, मुंबईचा पत्ता नाही, आधार आणा. त्याची बचत तोवर माझ्याच खात्यात आहे. अशी पत्रं मला वरचेवर येतात. कधी वॉचमन असतो, कधी हॉटेलातला आचारी.

ताई, दाखल्याबाबत बँक बरोबर आहे आणि पासपोर्ट चालतो. घोडं अडलंय ते पत्त्यावर. परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रावर पत्ता नसेल तर काय करायचं, हे रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत लिहिलेलं आहे: त्याच्या देशाच्या सरकारी विभागाची कागदपत्रं आणि भारतातल्या त्याच्या दूतावासाचं पत्र पत्त्याचा पुरावा म्हणून स्वीकारायचं. दोन्ही जमवा, एकावर भागेल असं धरू नका. पत्रासाठी दिल्लीच्या नेपाळी दूतावासाकडे आजच अर्ज करा. त्या कलमाची छापील प्रत बँकेच्या अर्जाला जोडा, कारण काउंटरवर ते बहुतेकांना माहीत नसतं. आधारची सक्ती बँकेला करता येत नाही. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याचं कलम 11अ तसं स्पष्ट सांगतं. पॅन नसेल तर त्याऐवजी तसा लेखी जाहीरनामा भरून द्यावा लागेल.

आता तुमच्यावर जरा रागावतो. दोन वर्षं तुम्ही तोंडी नकार ऐकून परत येताय. एकही अर्ज लेखी नाही, एकही पोच नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार लागते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तरच पुढचं दार उघडतं. हे दिवस मोजायला तुम्ही सुरुवातच केलेली नाही.

पगाराच्या वहीचा फोटो पाठवलात, त्यात नावाच्या रकान्यात नुसतं ‘बहादूर’ आहे. पासपोर्टवर त्याचं पूर्ण नाव वेगळं आहे. नऊ वर्षं राबलेल्या माणसाचं नाव सोसायटीच्या वहीत नसावं, हे मला खरंच लागलं. लेटरहेडवर पासपोर्टप्रमाणे नाव, रुजू झाल्याची तारीख आणि पगार लिहून सही-शिक्क्याचं पत्र द्या. ते पत्त्याचा पुरावा ठरेलच असं नाही, पण बँक नोकरीबद्दल विचारणारच. खातं निवासी की एनआरओ (अनिवासी माणसाचं रुपयांतलं खातं), हे बहुधा मागच्या आर्थिक वर्षात तो 182 दिवसांहून जास्त इथे होता का यावर ठरेल.

तुमच्या खात्यातली त्याची रक्कम किती, हे आज दोघांच्या सह्यांनी कागदावर आणा. तुमचं उद्या काही बरंवाईट झालं तर वारसांकडे मागायला त्याच्या हातात काहीच नाही. पैसे रोख परत करू नका. वीस हजार किंवा त्याहून मोठी ठेव रोखीने फेडायला आयकर कायद्याची मनाई आहे. ही रक्कम ठेव ठरते की नाही यावर वाद होऊ शकतो, तो ओढवून घेऊ नका. खातं उघडलं की ट्रान्सफर करा.

त्याला घरी पैसे पाठवायला मात्र खात्यासाठी थांबावं लागत नाही. 2008 पासून भारत-नेपाळ रेमिटन्सची सोय आहे. खातं नसलेल्यालाही एनईएफटी असलेल्या बँकेच्या शाखेतून एका वेळी 50,000 रुपयांपर्यंत रोख भरून, वर्षातून 12 वेळा, नेपाळला पाठवता येतात. शाखेने नाही म्हटलं, तर तोही नकार लेखी मागा.