वडिलांनी कुलूप बदललं, आता राहायचं कुठे?

तुम्ही २१ वर्षांच्या. पार्ले पूर्वेला वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेला फ्लॅट. भांडणानंतर कुलूप बदललं आणि चार महिने तुम्ही मैत्रिणींकडे पथारी टाकताय. पत्रात विचारता काय, तर ‘फ्लॅटमध्ये माझा हिस्सा आहे का?’ पवई, लोखंडवालाहून येणाऱ्या पत्रांतही हाच प्रश्न असतो. हिस्सा नाही. तो नाद सोडा.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा सुनांपुरताच, असा समज आहे. तो लेकीलाही लागू आहे. कलम १७ प्रमाणे मालकी नसली तरी सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. पण त्याच घरात परत जायची तुमची इच्छा दिसत नाही, म्हणून तुमची सगळी मदार कलम १९(१)(एफ) वर. परिस्थिती तशी असेल, तर त्याच दर्जाची दुसरी जागा द्या किंवा तिचं भाडं भरा, असा आदेश दंडाधिकारी वडिलांना देऊ शकतात. विरारची एखादी खोली दाखवून त्यांना सुटता येणार नाही. भाडं किती मिळेल, ते त्यांच्या उत्पन्नाचे कागद पाहिल्याशिवाय सांगत नाही.

घोळ तुम्हीच घातलाय. चौकीत ‘स्वखुशीने घर सोडत आहे, कोणाविरुद्ध तक्रार नाही’ या कागदावर सही केलीत! समोरचा वकील आधी तोच कागद काढणार. सोसायटीकडे त्याच आठवड्यात सीसीटीव्ही मागायला हवं होतं. आता ते फुटेज राहिलं असेल असं वाटत नाही. उरला वडिलांचा ‘परत पाऊल टाकू नकोस’ हा मेसेज. तो फोन बदलू नका, विकू नका.

या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे कराल त्या अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा आदेश मागा. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. कोर्टाबाहेर लावलेला त्या दिवसाच्या खटल्यांचा लांबलचक बोर्ड एकदा वाचा, म्हणजे अंतरिम आदेशाचा आग्रह का धरतोय ते कळेल. सध्या तात्पुरत्या जिथे राहता, तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. वकिलाच्या फीचा प्रश्न असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

मैत्रिणीने उद्या नाही म्हटलं, तर १८१ ही महिला हेल्पलाइन लावा आणि याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत निवारागृह मागा. कलम ६ प्रमाणे निवारागृहाने जागा द्यायची असते. खाट रिकामी असेल का, ते कलमात लिहिलेलं नाही.

भाऊ सतरा वर्षांचा, त्यालाही बाहेर काढायची धमकी आहे म्हणता. हा अर्ज त्याला करता येत नाही. धमकी खरी झाली तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लावा, तो बाल कल्याण समितीपुढे जाईल. मात्र हे अठरा पूर्ण व्हायच्या आत. त्यानंतर त्याने मला पत्र लिहिलं, तर सांगण्यासारखं माझ्याकडे फार काही नसेल.