प्रार्थना होत नाही, तरी संदेश द्यायचा का?

आधी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, म्हणून आणि आता पाळकांचा समुपदेशक म्हणून, एक प्रश्न मी फार जणांच्या तोंडून ऐकलाय. "माझी स्वतःची प्रार्थना बंद पडलीय. तरी दर रविवारी चर्चमध्ये उभा राहून संदेश, म्हणजे प्रवचन, देतो. मी ढोंगी आहे का?"

त्यातल्या एकांची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय चाळिशीतलं, मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, भरभराटीची. उपासनेनंतर लोक हात हातात घेऊन आभार मानायचे आणि हे घरी येऊन कुणाशी बोलायचे नाहीत. विश्वास गमावल्याची कबुली द्यायच्या तयारीनं ते आले होते. मी विचारलं, "पाळकसाहेब, झोप किती होते?"

प्रश्न त्यांना हलका वाटला. उत्तर हलकं नव्हतं. फोन उशाशी, रात्री कुणाचाही येणार. पूर्ण सुट्टीचा शेवटचा दिवस आठवेना. स्वतःसाठी शास्त्र (बायबल) वाचणंही राहिलं होतं, कारण कुठलाही अध्याय उघडला की डोक्यात संदेशाचे तीन मुद्दे तयार व्हायचे. मग हळूहळू अंत्यविधींचा विषय निघाला. लागोपाठ बरेच झाले होते, त्यात एक लहान मूल. त्या मुलाला मातीत ठेवून ते थेट वडीलमंडळाच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या) सभेला गेले, तिथं छपराच्या दुरुस्तीवर तासभर बोलणं झालं. त्या मुलासाठी ते कधी रडलेच नव्हते. हे सांगताना रडले.

बायबलमधल्या पहिले राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातला संदेष्टा एलीया मी अशा वेळी हमखास काढतो. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर तोच माणूस रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न पुढे होरेब डोंगरावर येतो. हा क्रम पाळक दुसऱ्यांना शिकवतात, स्वतःला लावत नाहीत.

ढोंग म्हणजे नसलेली भक्ती फायद्यासाठी मिरवणं. हे गृहस्थ थकलेले होते, शोकात होते आणि एकटे होते. त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ८८ मोठ्यानं वाचा. ते अंधारातच संपतं, तरी शास्त्रात आहे. आणि डॉक्टरांना भेटा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर निव्वळ उपास-प्रार्थनेचा सल्ला देणं मला बेजबाबदार वाटतं. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

"पण मोठ्या सेवकांना असं झालं नसेल," ते म्हणाले. मी त्यांना इंग्लंडमधले नामांकित उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांची गोष्ट सांगितली. ते २२ वर्षांचे असताना, ऑक्टोबर १८५६ मध्ये, लंडनमधल्या त्यांच्या सभेत आगीची खोटी आरोळी उठली आणि चेंगराचेंगरीत सात जण गेले. त्यानंतर खिन्नतेनं त्यांना जन्मभर सोडलं नाही. त्याबद्दल ते आपल्या विद्यार्थ्यांशी उघडपणे बोलत, आणि उत्तरायुष्यात हिवाळ्यात विश्रांतीसाठी फ्रान्समधल्या मेंटनला जात.

सगळं व्यासपीठावरून सांगायची गरज नसते. आपल्याच मंडळीतल्या कुणापुढे मन पूर्ण मोकळं करणंही जड जातं, कारण पुढच्या आठवड्यात त्याच माणसाचा पाळक व्हायचं असतं. म्हणून दुसऱ्या मंडळीतला एखादा वडीलधारा पाळक शोधा, असं मी सुचवतो. यांना एक निवृत्त पाळक मिळाले.

वडीलमंडळाला मात्र कल्पना द्यावी लागली. त्या मंडळातले एक वडील म्हणाले, "पाळकच थकलो म्हणाले तर लोकांनी कुणाकडे बघायचं?" मी त्यांना बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा १८वा अध्याय वाचायला दिला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला सासरा इथ्रो सांगतो की असं केलंस तर तूही झिजशील आणि लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमले जातात. (सासऱ्याचं ऐकणारा जावई, हेही त्या अध्यायातलं नवलच.)

घरभेटी मंडळातल्या वडिलांनी वाटून घेतल्या. "पाळक स्वतः येत नाहीत" म्हणून दोन घरं रुसली, त्यातलं एक मंडळी सोडून गेलं. ते त्यांना अजून लागतं. सोमवार सुट्टीचा ठरला. प्रार्थना एकदम परतली नाही. आधी नुसतं स्तोत्र, मग त्या मुलाचं नाव घेऊन दोन वाक्यं, काही महिन्यांनी बायकोबरोबर रात्री थोडी. रात्रीचा फोन कुणी उचलायचा, यावर वडीलमंडळाशी त्यांची खडाजंगी अजून सुरू आहे.