पाच गावांचा जिल्हा?

प्रश्न : माझा मुलगा मालवाहू जहाजावर आहे. त्याच्याबरोबरच्या एका इंडोनेशियन खलाशाने त्याला घरी बोलावलंय. पत्त्यात ‘तेपुस, गुनुंगकिदुल’ असं आहे. इंग्रजीत तेपुसला डिस्ट्रिक्ट म्हणतात, पण त्यात गावं अवघी पाच! असा कसा जिल्हा? आणि मुलूख कसा आहे? – एक आई, देवगड

उत्तर : ताई, हा घोळ इंग्रजीने घातलाय. तेपुस हा जिल्हा नव्हे, आपल्या तालुक्यासारखा आहे. तिथे प्रांताखाली ‘काबुपातेन’ येतो, तो आपला जिल्हा. त्याखाली ‘कचामातान’ आणि मग ‘देसा’, म्हणजे गाव. कचामातानचं इंग्रजी डिस्ट्रिक्ट करतात, म्हणून तुमची फसगत झाली. गुनुंगकिदुल जिल्ह्यात असे 18 तालुके आणि 144 गावं आहेत. त्यातही हा जिल्हा जावा बेटावरच्या ज्या योग्यकार्ता प्रांतात येतो, त्याची तऱ्हा न्यारी. तिथे सुलतानच राज्यपाल असतो, आणि अलीकडे तालुक्याला ‘कापानेवोन’ व गावाला ‘कालुराहान’ ही जुनी नावं पुन्हा दिलीत. गावाखाली ‘पादुकुहान’, म्हणजे आपल्या वाड्याच.

शब्दांनी घाबरू नका, निम्मे आपलेच आहेत. जिल्ह्याचा प्रमुख ‘बुपाती’, म्हणजे भूपती. देसा म्हणजे देश. इतर प्रांतांत सरपंचाला ‘कपाला देसा’ म्हणतात, त्यातला कपाला म्हणजे कपाळ! जिल्ह्याचं ठाणं वोनोसारी, त्यातलं वोनो म्हणजे वन. जावातली माणसं ‘अ’चा ‘ओ’ करतात, एवढं ध्यानात ठेवलं की सप्तोसारी, पूर्वोसारी ही तालुक्यांची नावं आपोआप उलगडतात.

मी तिथे एकदाच गेलो, जहाज चिलाचाप बंदरात दुरुस्तीला अडकलं होतं तेव्हा. आमच्या बोसनचं, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचं घर त्याच जिल्ह्यात. गुनुंगकिदुल म्हणजे दक्षिणेचे डोंगर. चुनखडीच्या हजारो टेकड्या, उलट्या ठेवलेल्या वाडग्यांसारख्या, आणि त्या संपतात तिथे थेट कड्याखाली हिंदी महासागर. पाऊस भरपूर, पण चुनखडीत तो थांबतच नाही. झिरपून खाली भुयारी नद्यांना मिळतो. आपल्या कातळावर जून-जुलैत धो धो कोसळून एप्रिलात विहिरी तळाला जातात, त्याचाच हा भाऊबंद. फरक इतकाच की तिथला कोरडा काळ साधारण मे ते ऑक्टोबर. आपण ओल्या अंगणातून गणपती आणतो, तेव्हा तिथे टँकरची वाट बघतात.

बोसनच्या घराशेजारी पागोळ्यांचं पाणी साठवायची सिमेंटची टाकी होती. म्हातारीने मला पाय धुवायला एकच तांब्या दिला आणि पाय मिरचीच्या आळ्यात धुवायला लावले. ब्रिबिन गुहेत जमिनीखाली सुमारे 100 मीटरवर वाहणारी नदी पुढे जर्मन अभियंत्यांच्या मदतीने अडवली. तिच्याच जोरावर पाणी वर चढवायची सोय केली.

आता माणसं. 2020 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साधारण 7 लाख 47 हजार, क्षेत्रफळ सुमारे 1,485 चौरस किलोमीटर. आपल्या सिंधुदुर्गात 2011 ला साडेआठ लाख माणसं होती, पण 5,207 चौरस किलोमीटरवर पसरलेली. म्हणजे दगडधोंड्यांचा असूनही तो मुलूख दाट वसलेला. कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद), मका आणि सागाची झाडं. तेवढ्यावर घर चालेना, म्हणून तरणी मुलं जाकार्ता गाठतात. ईदला सगळे गावी परततात, त्याला ‘मुदिक’ म्हणतात. गाड्यांची ती गर्दी बघून मला गणपतीतला आपला हायवेच आठवला. चाकरमानी सगळीकडे सारखेच.

मुलाला जरूर जाऊ द्या. कसाव्याचं ‘थिवुल’ वाढतील. रस्त्याकडेला बरण्यांतून तपकिरी, कुरकुरीत काहीतरी विकायला असतं, ते तळलेले टोळ आहेत हे मात्र त्याला आधीच सांगून ठेवा. मला कुणी सांगितलं नव्हतं.