खुर्च्या कोण लावणार?

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेएकला आला. मी जागीच होते, लग्नाच्या एका ब्लाउजची बाही काही केल्या बसत नव्हती. तू लिहिलंयस, "ताई, लोकांनी दीडशे रुपये दिलेत, त्यांना काय उत्तर देऊ?" तुमच्या अॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनवेड्यांच्या मेळाव्यात पंखे बंद पडले, कॉस्प्लेची, म्हणजे त्यातल्या पात्रांचे पोशाख घालून यायची, स्पर्धा दीड तास उशिरा सुरू झाली, एकाने सगळ्यांसमोर पैसे परत मागितले. वर ती इव्हेंट कंपनी म्हणतेय, पुढच्या वर्षी सगळं आम्ही बघतो, तू फक्त नाव दे.

खचू नकोस वगैरे मी लिहीत बसणार नाही. तू खचणारी असतीस तर दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल झाडायला गेली नसतीस. मला राग आलाय तो तुझ्या प्रश्नाचा. 'लोकांनी पैसे दिलेत' म्हणालीस, तिथंच तू त्यांना गिऱ्हाईक करून टाकलंस. गिऱ्हाईक माझ्या दुकानात येतं. माप देतं, शिलाई देतं, ब्लाउज बिघडला तर माझ्यापुढं आपटतं, आणि तो त्याचा हक्कच आहे. आपल्या मेळाव्यात गिऱ्हाईक नसतं. ते दीडशे रुपये म्हणजे वर्गणी, गल्लीच्या गणपतीला पावती फाडतो तशी. आरतीला उशीर झाला म्हणून कुणी पावतीचे पैसे परत मागत नाही, झांजा शोधायला लागतं.

हे माझ्या मनचं नाही. तोक्योत कॉमिकेट भरतं, हौशी लोकांनी स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा मेळावा, तुला माहीतच आहे. पण त्याची सुरुवात बघ की. २१ डिसेंबर १९७५, स्वतःची मासिकं काढणारे ३२ गट आणि साधारण सातशे माणसं. ऑगस्ट २०१९ मध्ये चार दिवसांत सात लाखांच्या वर माणसं आली, तरी व्यवस्था बघणारे स्वयंसेवकच. तिथला पहिल्यापासूनचा नियम असा की मासिक विकणारा, ते विकत घेणारा आणि रांग लावणारा, तिघांनाही एकच शब्द: सहभागी. गिऱ्हाईक म्हणून आत कुणीच येत नाही. दिवस संपल्याची घोषणा झाली की सगळे मिळून टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या कुणा एकासाठी नसतात, म्हणून मला त्या फार आवडतात.

आणि जपानपर्यंत तरी कशाला जायचं? कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, आपल्या बेळगावजवळच्या या गावांतून साहित्य संमेलनं भरतात. गावच वर्गणी काढतं, गावच मांडव घालतं. ग्रंथदिंडीत पुढं चालणारी बाई दुपारी पंगतीत वाढताना दिसते. तिला विचार तू गिऱ्हाईक आहेस का म्हणून. खुळ्यात काढेल तुला.

आता माझं सांगते. हे मी फारसं कुणाला सांगत नाही.

मी १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी मोगली बघणाऱ्यांतली. ते जपानचं आहे हे कळायला मला पुढं बारा वर्षं लागली. कळल्यावर आम्ही सात-आठ जण सीडींची देवाणघेवाण करत एकत्र आलो आणि त्यातूनच पुढं बऱ्याच वर्षांनी आमचा मेळावा उभा राहिला. चौथ्या वर्षी हॉलचं भाडं अंगावर आलं. मी पुढच्या दोन रांगा पाचशे रुपयांना विकल्या. त्या लोकांच्या गळ्यात सोनेरी फीत, बाकीच्यांच्या गळ्यात सुतळी.

त्याच वर्षी वडगावचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. वडील पॉवरलूमवर. त्याला 'डीमन स्लेयर' या जपानी मालिकेतल्या तांजिरोचा हाओरी, म्हणजे वरून घालायचा सैल अंगरखा, करायचा होता, तो हिरव्या-काळ्या चौकड्यांचा. खडेबाजार पालथा घातला, तसं कापड मिळेना. शेवटी माझ्याकडच्या अस्तराच्या तुकड्यांतून आम्ही चार-चार इंचांचे चौकोन कापले आणि वाकळ जोडावी तसे जोडत गेलो. जोडणी मी करायची, शिवण उलगडून इस्त्री त्यानं फिरवायची. ब्लाउज न्यायला आलेल्या एक काकू तासभर बसून चौकोन मोजत होत्या, एक हिरवा, एक काळा. पाठीचे चौकोन बाहीच्या चौकोनांना असे भिडले की जोड कुठं आहे ते मलाच सापडेना. आणि असा हाओरी घालून तो पोरगा अकराव्या रांगेत, सोनेरी फितींच्या मागं. नाव पुकारलं तेव्हा स्टेजपर्यंत यायला त्याला भिंतीकडून वळसा घ्यावा लागला.

पण ते एक वेळ ठीक. पडदा रंगवणारी एक मुलगी होती आमच्यात. तीन रात्री जागून तिनं स्टेजमागचा अख्खा पडदा रंगवला. दुपारी पुढच्या रांगेतल्या एकानं तिला चुटकी वाजवून म्हटलं, "ए, पाणी आण." तिनं आणून दिलं. मी चार हातांवर उभी होते. बोलले नाही, कारण त्याचे पाचशे रुपये मी आधीच भाड्यात भरले होते. संध्याकाळी तिनं आपला बिल्ला टेबलावर ठेवला, आणि परत कधी आली नाही. मी फोन करायला हवा होता. अजून केलेला नाही.

लोक म्हणतात मी त्यानंतर हेकट झाले. झाले. पुढच्या वर्षी नियम केला, आत येणारा प्रत्येक जण अर्धा तास काम करणार, पाहुणा असला तरी. खुर्च्या लाव, रांग सांभाळ, खानापूरच्या शेवटच्या बसला निघालेल्या पोरांना स्टँडवर पोचव. एक पाहुणा चिडून निघून गेला. आमच्यातलेच दोघं म्हणाले, असं केलंस तर मेळावा बुडेल. माणसं कमी झाली, हे खरं आहे. भाडं मी माझ्या शिलाईतून तीन हप्त्यांत फेडलं, हेही खरं. पण त्यानंतर चुटकी कुणी वाजवली नाही, आणि त्यासाठी तसे आणखी तीन हप्ते भरावे लागले असते तरी मी भरले असते. दुसरं काय करायला हवं होतं मी?

असो. तुझ्याकडे येते.

घोषणा नुसत्या मराठीत झाल्या, हे तू एका ओळीत उरकलंस, पण मला ते पंख्यांपेक्षा मोठं वाटतं. सुरुवातीची दोन वर्षं आमच्या सगळ्या घोषणा मराठीत होत्या. मुद्दाम नव्हतं, सुचलंच नाही. गोकाक, बैलहोंगलची कन्नड बोलणारी पोरं यायची, गप्प बसायची, लवकर निघायची. त्यांना आम्ही न कळत पाहुणं करून ठेवलं होतं. माइक त्यांच्यातल्या एकीच्या हातात दिला तेव्हा ती पोरं उठून खुर्च्या उचलायला लागली. आपल्या भागात भाषेवरून काय काय होतं ते तुला मी सांगायला नको. मराठी आणि कन्नड पोरं एकमेकांना 'सेन्पाई', जपानीत आपल्याहून सीनियर, म्हणून हाक मारतात अशी जागा आपल्याकडे आयती मिळालीय, ती गल्लत करून घालवू नकोस. दोन माइक, दोन माणसं, आणि आधी बसून तालीम.

काही गोष्टी मात्र 'सगळे सहभागी' म्हणून कुणावर सोडायच्या नाहीत. मुलींना कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली. विचारल्याशिवाय फोटो नाही. पिण्याचं पाणी. हे तुमच्या समितीचं काम, आणि त्यात चूक झाली तर माफी मागायची, तीही माइकवरून. पंखे बंद होते हेही खरंच आहे की. ते सांगणाऱ्याचं ऐकून घे आणि पुढच्या वेळी वायरमनबरोबर त्याला शिडी धरायला उभा कर.

कंपनीचं काय, विचारतेस. ते तुला पास छापून देतील, रांगा विकतील, गळ्यात फिती घालतील. त्यांचा धंदाच तो, त्यांना बोल लावत नाही. पण खुर्च्या पगारी माणसं लावतील, आणि तुझ्याबरोबर राबणारी ती बावीस पोरं पहिल्यांदाच आपल्या मेळाव्याला तिकीट काढून येतील. चौथ्या वर्षी मला असं कुणी विचारलं असतं तर मीही सही केली असती, म्हणून तर एवढं लिहितेय. तूट किती, अकरा हजार ना? अकरा हजारांसाठी नाव देऊ नकोस गं. पुढच्या वर्षी हॉल लहान घे.

रविवारी दुपारी दुकान बंद असतं, शहापूरला ये. हिशेबाची वही आण, आणि त्या पैसे परत मागणाऱ्याचा नंबरही. त्याचे दीडशे रुपये आधी देऊन टाकू, मग मीच त्याला विचारते, पुढच्या वेळी खुर्च्या लावायला किती वाजता येतोस.

तुझी,
ताई